आक्का, बंद पडलेल्या शाळाही आपल्याच

आक्का,

काल कॉलेजात तुझी शोकसभा झाली. वकीलसाहेब अध्यक्षस्थानी होते. संस्थेचे अध्यक्ष तेच, तेव्हा दुसरं कोण असणार? तुझा जन्म, तुझी नोकरी, तू उभ्या केलेल्या शाळा, सगळं त्यांनी नीट सांगितलं. शहापूर झालं, वडगाव झालं, निपाणी झाली. चिकोडीपलीकडच्या त्या एका गावाचं नाव मात्र त्यांच्या तोंडून निघालं नाही. मी पुढच्याच रांगेत होते. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. पाय भरून आले होते आणि सभा सुटल्यावर तुझ्या घरी राहणाऱ्या मुलींच्या भाकरीसाठी जोंधळे दळायला टाकायचे होते. डोक्यात तेवढंच.

अलीकडे असंच होतं. रडायचं म्हणून बसते आणि झोप लागते.

तुझ्याशी बोलायचं राहिलंय ते लिहून टाकावं म्हटलं. तसं आपण बोललो कमी आणि भांडलो जास्त. निपाणीच्या शाळेत मी नवी मास्तरीण म्हणून रुजू झाले तेव्हा तू तिथली मुख्य. खानापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरातली मी, कुणी जरा मोठ्यानं बोललं की मान खाली घालणारी. तू पहिल्याच दिवशी म्हणालीस, ‘‘कृष्णे, वर बघून बोल गं. पोरींनी तुझं तोंड बघितलं पायजे, भांग न्हाय.’’ शिकवताना तुझी भाषा पुस्तकातली, आणि भांडायला लागलीस की थेट वडगावच्या विणकरांच्या आळीतली. मला ती दुसरीच जास्त आवडायची. हे तुला कधी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी संस्थेच्या उत्सवाचं ठरलं. शहापुरात एका कोष्ट्याच्या घरी, मागाच्या खड्ड्याशेजारी पोरं बसवून जो वर्ग सुरू झाला, त्याच्या इतक्या शाळा झाल्या, आणि शेवटी बेळगावात लष्करी कॅम्पाच्या अंगाला कॉलेज उभं राहिलं. कुणा राजानं काढलेलं नाही की सरकारनं दिलेलं नाही. लोकांनी मूठमूठ धान्य देऊन, स्वतः विटा वाहून केलेलं. त्याचा इतिहास जमा करायचं काम वकीलसाहेबांनी आपल्या दोघींवर टाकलं. ‘‘जुनी माणसं भेटा, जुन्या वस्तू आणा, उत्सवात मांडू,’’ म्हणाले. तू निवृत्त झालेली आणि गुडघ्यांनी अधू, तरी माझ्या आधी तयार होऊन बसलीस.

ते दिवस आठवले की अजून अंग आंबतं. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या त्या मोटारी! चढ आला की उतरा, मोटार वर गेली की पुन्हा चढा. तवंदीच्या घाटात तू रस्त्याकडेच्या दगडावर बसलीस आणि म्हणालीस, ‘‘इतिहास असा चालत करायचा असतोय व्हय?’’ मला हसूही येत नव्हतं.

निपाणीत तंबाखूच्या वखारीत गेलो तो दिवस आठवतो? आपल्या शाळेतल्या कितीतरी मुली तिथं पानं निवडायला बसायच्या. आत पाऊल टाकलं आणि आपण दोघी शिंकायला लागलो, ते थांबेचना. सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसतायत. त्यातली एक उठून पुढं आली. तुझी विद्यार्थिनी होती, पण तुला काही केल्या ओळख पटेना. ती म्हणाली, ‘‘आक्काबाई, थांबा, दाखवते.’’ आणि कमरेवर हात ठेवून तिनं एकोणिसाचा पाढा म्हटला. मधे एकदा अडखळली. तू नुसतं बोट वर केलंस, तुझ्या सवयीनं, आणि तिनं चूक सुधारली. मग तू तिचे हात धरलेस. तंबाखूनं काळे झालेले ते हात तू सोडीनास. बाहेर आल्यावर म्हणालीस, ‘‘हिला उत्सवात पुढं बसवायची.’’ आणि बसवलीस. त्यावर आपलं भांडण नव्हतं.

भांडण झालं ते मिरवणुकीवरून. वकीलसाहेबांची कल्पना चांगली होती: शहापुरातल्या त्या पहिल्या घरापासून कॉलेजपर्यंत मिरवणूक न्यायची, प्रत्येक शाळेनं आपल्या नावाची पाटी घेऊन चालायचं. शाळांची नावं काढायला बसलो तशी तू म्हणालीस, ‘‘बंद पडलेल्या पण घ्यायच्या.’’

वकीलसाहेबांना वाटलं तू प्लेगात मोडलेल्या शाळांबद्दल बोलतेस. ते लगेच ‘हो’ म्हणाले. मग तू त्या गावाचं नाव घेतलंस. त्यांनी लेखणी खाली ठेवली, आणि मीही.

त्या गावाची शाळा तू काढलेली. तेव्हा तू जेमतेम तिशीची असशील. गावच्या पाटलांनी गोठ्याशेजारची पडवी दिली. तिथं सकाळी मराठी आणि दुपारी कन्नड शिकवायचीस. महारवाड्यातली पोरं बाहेर उन्हात बसून ऐकायची. फाल्गुन संपत आला, ऊन तापलं, तशी एका दुपारी तू त्यांना म्हणालीस, ‘‘आत या रं, डोकी तापतील.’’ ती आत आली. एवढंच झालं. पाटलांनी निरोप धाडला: पोरं पूर्वीसारखी बाहेर बसवा. तू नाही म्हणालीस. एकेका घरानं आपली मुलं काढून घेतली. उरलेल्या चार-पाच पोरांना घेऊन तू बसत राहिलीस, शेवटी पाटलांनी पडवी मोडून काढली. बैलगाडीत ट्रंक टाकून तू चिकोडीला परत आलीस.

हे तू मला एकदाच, सरळ आवाजात सांगितलं होतंस. पुन्हा कधी बोलली नाहीस.

ते जुने पाटील वारले. त्यांचा मुलगा आता पाटील आहे. अनगोळला त्यांच्या आईकडून आलेली जागा आहे, आणि ती त्यांनी मुलींच्या वसतिगृहासाठी द्यायची कबूल केली होती. खेड्यांतून येणाऱ्या आपल्या मुली कुणाच्या माळवदावर, कुणाच्या ओसरीवर राहतात, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक होतं. निम्म्या तर राहायला जागा नाही म्हणूनच परत जातात आणि त्यांची लग्नं होतात. म्हणून मी म्हणाले, ‘‘आक्का, यंदा राहू दे. एकदा जागा मिळू दे, भिंती उभ्या राहू देत. मग तू काय लिहायचं ते लिही.’’

‘‘त्या वसतिगृहात महारवाड्यातल्या पोरी घेनार?’’

‘‘घेणार. वकीलसाहेबांनी शब्द दिलाय.’’

‘‘मग शाळा का बंद पडली ते सांगायला भ्या कशाचं?’’

‘‘भीती नाही गं. जागा जाईल.’’

‘‘जाऊ दे की.’’

‘जाऊ दे की.’ मला तुझा इतका संताप आला त्या दिवशी. जागा जाऊ दे म्हणायला तुझं स्वतःचं घर होतं. ज्या मुलींना नव्हतं त्यांनी काय करायचं? तुला मी हे तोंडावर म्हटलं. तू उठून गेलीस.

मग तू मला न सांगता यल्लाप्पाला शोधून काढलंस. उन्हातून आत घेतलेल्या पोरांतला हा एक. लढाईवर जाऊन आला, आता कॅम्पात फौजेच्या दवाखान्यात काम करतो. त्याच्या खोलीवर तू मला घेऊन गेलीस, आणि मी त्याला सांभाळून विचारलं की, ‘‘तुम्हाला त्रास होणार नाही ना? गावात आईबाप असतील.’’

‘‘बाई,’’ तो म्हणाला, ‘‘गावात आजून म्हनत्यात, महारांच्या पोरांपायी शाळा मोडली. माझा बा त्येच ऐकत मेला. आमी शाळा मोडली न्हाय. आमी आत बसलो एवढंच. ह्ये मला एकदा चार लोकांत सांगायचं हाय. त्रास व्हायचा तो हून गेलाय.’’

परत आल्यावर मी तुमच्या पाटीला विरोध केला नाही. त्याच्या बोलण्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पण मुलींच्या जागेचं उत्तरही तुझ्याकडं नव्हतं, आक्का. हे तू कधी कबूल केलं नाहीस.

मिरवणुकीच्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. शहापुरातून निघालो. पुढं लेझीम, मागं वडगावची शाळा, अनगोळची, निपाणीची. मोठमोठे घोळके, रंगीत पाट्या. निपाणीच्या बायका तर गाणी म्हणत होत्या. शहापूर संस्थानातलं; ती हद्द ओलांडून इंग्रजांच्या बेळगावात शिरलो तेव्हा दोन्ही अंगांना माणसं उभी होती, टाळ्या वाजत होत्या. आणि सगळ्यांच्या शेवटी तुम्ही दोघंच. यल्लाप्पा फौजेचा जुना कोट घालून, हातात यादीत नसलेली त्या शाळेची पाटी. बाजूला तू, एक पाय ओढत.

तुम्ही आलात की टाळ्या थांबायच्या. लोकांना वाटायचं काहीतरी चुकलंय. बाकीची माणसं मागं राहिली असतील. कॉलेजच्या फाटकापाशी एकानं विचारलंच, ‘‘ही कुठली शाळा? पोरं कुठायत?’’

यल्लाप्पा थांबला. मांडवातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला. ‘‘बंद पडलेली शाळा हाय. आक्काबाईंनी आमाला उनातनं सावलीत घेतलं म्हणून गावानं मोडली. आमी मोडली न्हाय.’’

व्यासपीठावर पाटील बसले होते. मी त्यांच्याकडंच बघत होते. ते रागावलेले दिसले नाहीत. त्यांचा चेहरा एकदम लहान पोरासारखा झाला. ते उठले, पायऱ्या उतरले आणि मांडवाच्या मागच्या बाजूनं निघून गेले.

जागा गेली. पाटलांनी तसं कळवलंही नाही, फक्त पुन्हा तो विषय निघू दिला नाही. वकीलसाहेब तुझ्याशी बोलेनासे झाले. जूनमध्ये मुली आल्या त्या पुन्हा ओसऱ्या शोधत. मला वाटलं होतं, आता तरी तू म्हणशील, कृष्णे, तुझं बरोबर होतं. तू काय केलंस? वडगावच्या आपल्या घरातले दोन माग उचलून भावाकडं पाठवलेस आणि त्या जागेत मुलींची अंथरुणं घातलीस. यल्लाप्पाची मुलगी त्यात पहिली आली. आळीतल्या काही जणी तुझ्या दारचं पाणी प्यायच्या बंद झाल्या. तू म्हणालीस, ‘‘मला पाणी भराय कमी लागंल.’’

आतली खोली मुलींना देऊन तू पडवीत निजायला लागलीस. आषाढात, त्या वाऱ्यात! मी किती वेळा बजावलं. खोकला लागला, ताप आला, छातीत कफ धरला. कॅम्पातला डॉक्टर यल्लाप्पानंच आणला. डॉक्टर म्हणाला, ओल बाधली. हे लिहिताना मला पुन्हा तुझा राग येतो, आणि तो कुणावर काढावा कळत नाही. तू आत निजली असतीस तर? अनगोळला चार खोल्या झाल्या असत्या तर? हे ‘तर’ मी दिवसभर दळत असते.

स्वातंत्र्याचा झेंडा लागला त्या सकाळी तुला उठवत नव्हतं. मुली नवीन पातळं नेसून निघाल्या, तशी तू एकेकीची निरी बघून नीट करायला लावलीस. मला म्हणालीस, ‘‘तू जा. तुला काय दिसंल त्ये परत येऊन सांग.’’ मी परत आले तेव्हा तू झोपली होतीस. सांगायचं राहिलं ते राहिलंच. मग ताप उतरलाच नाही.

आता पुढचं ऐक. तुझं दहावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी पाटील वडगावला आले. एकटेच, चालत. घोडागाडी आळीच्या तोंडाशी सोडली असावी. मी मुलींचा अभ्यास घेत होते. त्यांनी चपला बाहेर काढल्या, पण उंबऱ्याच्या आत आले नाहीत. तू निजायचीस त्या पडवीतच बसले.

मुलींकडं बघत होते. मग म्हणाले, ‘‘मी बी त्या शाळेत हुतो, बाई. सहा-सात म्हयने. आक्काबाईंनीच मला पैलं अक्षर गिरवायला लावलं. बाबांनी हाताला धरून वडून न्हेलं. मी लई रडलो हुतो.’’

मला हे ठाऊक नव्हतं. तुला होतं का, आक्का? असणारच. मग कधी बोलली का नाहीस?

‘‘त्या दिशी मांडवात,’’ ते म्हणाले, ‘‘मला वाटलं, समदे माझ्या बाबांकडं बघत्यात. त्येनला जाऊन इतकी वर्सं झाली आनि त्ये परत उघडे पडले. मला बसवंना.’’

मग त्यांनी आणलेलं बोलणं बोलले. अनगोळची जागा देतो. बांधकामाचा दगडही माझ्याच खाणीचा देतो. वसतिगृहाला आक्काबाईंचं नाव द्या, दगडात कोरून. फक्त ती गावची गोष्ट आता पुरे. इतिहासाचं पुस्तक मी लिहितेय असं त्यांनी ऐकलं होतं. त्यात ती नको.

आक्का, हीच जागा मिळावी म्हणून मी तुझ्याशी वर्षभर भांडले. ती दारात येऊन बसली होती आणि वर तुझं नाव. मागं मुली दाटीवाटीनं बसलेल्या. मला ‘हो’ म्हणायचं होतं. आणि यल्लाप्पाची मुलगी पाटी मांडीवर धरून आमच्याकडं बघत होती.

मी म्हणाले, ‘‘जागा द्या, पाटील. आम्हाला हवी आहे. पण आक्काचं नाव नको. तुमच्या वडिलांचं लावा.’’

त्यांना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, ‘‘बाबांचं? लोक इचारतील की, ह्ये कोन, ह्येनी काय केलं.’’

‘‘मग सांगू. यांनी शाळा मोडली आणि यांच्या मुलानं वसतिगृहाला जागा दिली. दोन्ही सांगू.’’

‘‘पैलं नका सांगू, बाई.’’

‘‘पहिलं नाही सांगितलं तर दुसऱ्याला काय अर्थ राहिला? जागा काय, कुणीही देतं.’’

आतून कुणीतरी त्यांना पाण्याचा तांब्या आणून दिला. कुणी ते मी बघितलं, त्यांनीही बघितलं. यल्लाप्पाची मुलगी होती. त्यांनी तांब्या हातात घेतला. जरा वेळ तसाच धरला. मग प्याले. मला वाटतं तहानेनंच प्याले असतील, उन्हातून आले होते. मी त्यातून मोठा अर्थ काढणार नाही. निघताना ‘बघतो’ इतकंच म्हणाले.

वकीलसाहेबांना हे कळल्यावर ते माझ्यावर भडकले. ‘‘तुमच्या दोघींत शहाणी तुम्ही, असं मी समजत होतो,’’ म्हणाले. मीही तसंच समजत होते. त्या दिवशी पाटलांशी बोलले ते मी बोलले की तू, मला कळेनासं झालंय. तू असतीस तर ‘जुन्या पाटलाचं नाव लाव’ हे तुझ्याही गळी उतरलं नसतं. आठवडाभर अबोला धरला असतास.

आज सकाळी अनगोळला त्या जागेपाशी दगडाच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्याचं कुणी सांगत आलं. मी गेले. निवडुंग तोडून वाट केलेली होती. गाडीवानाला विचारलं, ‘‘पाटलांनी पाठवलं?’’

‘‘व्हय.’’

‘‘काही निरोप?’’

‘‘निरोप काय न्हाय बाई. कुठं उतरवायचं तेवडं सांगा.’’

मी जागा दाखवली. ते दगड उतरवेपर्यंत उभी राहिले. नावाचं काही ठरलेलं नाही, गोष्टीचं तर नाहीच. पुस्तकातलं ते प्रकरण लिहून माझ्यापाशी तयार आहे. ते छापायचं की नाही यावर वकीलसाहेबांशी अजून तंटा व्हायचाय, आणि मला आता तंट्याचा कंटाळा आलाय. या पत्रातही गावाचं नाव मी लिहिलेलं नाही. पाटलांशी बोलणं पुरं झालेलं नाही म्हणून. तू म्हणशील, ‘घाबरलीस.’ मी म्हणेन, ‘थांबलेय.’

दगड उतरवून गाड्या गेल्यावर मी तिथंच एका दगडावर बसले आणि तुझ्याशी भांडले. आधी कबूल करून घ्यायचं होतंस, मग दगड घ्यायचे, असं तू. पाया तरी पडू दे, मुली पावसात आहेत, असं मी. आता दोन्ही बाजूंचं मलाच बोलावं लागतं, आक्का, आणि दम लागतो. माझी बाजू मांडताना आवाज खाली येतो. चढतो तो तुझी मांडताना.